दुधाचे कॅन आणि लाल सिग्नल

इथे कॅनडात, टोरोंटोच्या बाजूला, उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा वाजले की तिकडे बेळगावात सकाळचे आठ होतात, आणि मामांना तेव्हाच उत्साह येतो. गेल्या वर्षी ऑगस्टअखेरीस त्यांनी एक फोटो पाठवला. चौकाच्या मधोमध त्यांची जुनी करडी ॲक्टिव्हा, मागे सिग्नल लालभडक. वर बसलेला माणूस मात्र मामा नव्हते. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हेल्मेट नाही, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेले. पाठोपाठ व्हॉइस मेसेज: "आमच्या सात पिढ्यांत कुणी दूध घातलेलं नाही. आणि दंड मला. सांग आता, तू तिकडं शाणा होऊन बसलायस."

ही गाडी मामांनी चार वर्षांपूर्वी खानापूरकडच्या एकाला विकली होती. मालकी बदलायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मांवर कोऱ्या सह्या ठोकल्या, त्याला चहा पाजला, किल्ली दिली, विषय संपला. घेणाऱ्याने गाडी स्वतःच्या नावावर करूनच घेतली नाही. गाडी विकल्याचं विकणाऱ्यानेही १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, हे मामांना आत्ता कळलं. खरं सांगायचं तर मलाही. दंडाचे मेसेज जात होते मामांच्या बंद पडलेल्या नंबरवर, आणि शेवटी हातात आलेला कागद कन्नडमध्ये. तो शेजारच्या आठवीतल्या मुलीने वाचून दाखवला.

मग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस धुळवड. टिळकवाडीतला मावसभाऊ म्हणाला, कॅमेरे पाहिजेतच, आमच्याकडे 'दुसरं रेल्वे गेट' म्हणतात त्या फाटकावर जाऊन बघा एकदा. तो म्हणतो त्यात खोटं नाही. गेट पडलं की दोन्ही बाजूंचे दुचाकीवाले अख्खा रस्ता भरून समोरासमोर ठाकतात, आणि गेट उघडल्यावर कुणीच हलू शकत नाही. दुसरा म्हणाला, हा सगळा पैसे काढायचा धंदा आहे. तिसऱ्याने भाषेचा मुद्दा काढला आणि चर्चा तिथून थेट सीमाप्रश्नावर गेली. आमच्याकडे पाण्याच्या बिलावरची चर्चासुद्धा तिथेच जाते.

मी गप्प होतो, कारण माझ्या ड्रॉवरमध्येही एक कागद होता. आम्ही टोरोंटोच्या बाजूला राहतो. इथे लाल सिग्नललाही उजवीकडे वळता येतं, फक्त आधी गाडी पूर्ण थांबवायची. पूर्ण म्हणजे चाक हलता कामा नये. बायकोने ती फक्त हळू केली आणि वळली. टपालाने दंडाचं तिकीट आलं, ३२५ डॉलर, माझ्या नावावर. सोबत दोन फोटो. पहिल्यात गाडी थांबायच्या रेषेच्या अलीकडे आणि सिग्नल लाल. दुसऱ्यात तीच गाडी चौकात. लाल होऊन किती वेळ झाला तेही छापलेलं. गाडी आधीच चौकात असताना सिग्नल लाल झाला, तर ते यात धरत नाहीत. भांडायला जागाच नव्हती. बायकोशी थोडा भांडलो, ते निराळं.

पण त्याच कागदाने एक गोष्ट मला पटवली. हाच गुन्हा पोलिसाने थांबवून पकडला असता तर दंडाबरोबर लायसन्सवर ३ डिमेरिट पॉइंट, म्हणजे चुकीचे काळे गुणही बसले असते. कॅमेऱ्याने पकडलं की पॉइंट नाहीत, फक्त पैसे. कारण सरळ आहे: कॅमेऱ्याला नंबरप्लेट दिसते, चालवणारा कोण ते माहीत नसतं. मग गाडीच्या मालकाला धरायचं, पण त्याच्याकडून पैशापलीकडे काही घ्यायचं नाही. एका हाताने धरलं तर दुसऱ्या हाताने सोडलंही. मला हा सौदा रास्त वाटतो.

आपल्याकडे हा हिशोब अजून कच्चा आहे. सिग्नल तोडणं मोटार वाहन कायद्याच्या १८४ कलमात धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला १ हजार ते ५ हजार रुपये दंड किंवा कैदही सांगितली आहे. फोटोवरून कुणी मामांना तुरुंगात टाकणार नाही, हे मलाही कळतं. पण दुधवाल्याचा गुन्हा आणि मामांची गाडी या दोन गोष्टी वेगळ्या करायची सोय कागदावर आधी हवी, कॅमेरा नंतर. तशी थोडी सोय झालीही आहे. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवायची आणि कॅमेऱ्याच्या अलीकडे तसा फलक लावायचा, असा केंद्राचा २०२१ चा नियम आहे. १५ दिवसांत कागद हातात पडला असता, तर मामांनी खानापूर गाठून त्या गड्याची गचांडी धरली असती. दीड वर्षाने सात चलनं एकदम कळल्यावर काय धरणार?

धंदा म्हणणाऱ्या भावालाही मी वेड्यात काढणार नाही. शिकागोत कॅमेऱ्यांच्या कंत्राटासाठी लाच घेणाऱ्या शहराच्या अधिकाऱ्याला २०१६ साली १० वर्षांची शिक्षा झाली. त्याच शहरात ३ सेकंदांचा पिवळा दिवा २.९ सेकंदांचा धरून हजारो तिकिटं फाडली गेली होती. अमेरिकेच्या महामार्ग खात्याने २००५ मध्ये सिग्नलवर कॅमेरे लावलेल्या सात ठिकाणचा हिशोब मांडला, त्यात काटकोनात होणाऱ्या धडका सुमारे २५ टक्क्यांनी घटल्या, पण मागून बसणाऱ्या धडका १५ टक्क्यांनी वाढल्या. लोक कॅमेरा बघून गपकन ब्रेक मारतात. आणि आमच्या ऑन्टारियो प्रांतात तर २०२५ च्या नोव्हेंबरात सरकारनेच स्पीड कॅमेरे बंद करून टाकले. मुख्यमंत्री त्यांना पैसे उकळायचं साधन म्हणत होते. टोरोंटोत एक कॅमेरा लोकांनी पुन्हापुन्हा कापला, एकदा तर ओढत नेऊन बदकांच्या तळ्यात टाकला. तेव्हा 'परदेशात लोक नियम पाळतात' हे प्रवचन मी तरी देणार नाही. सिग्नलचे कॅमेरे मात्र इथे राहिले.

तरी माझा कौल कॅमेऱ्याकडे आहे, आणि त्याचं कारण अस्सल सीमाभागातलं आहे. एमएच-०९ दिसली की इकडे शिट्टी वाजते आणि केए-२२ दिसली की तिकडे, ही तक्रार मी लहानपणापासून दोन्हीकडून ऐकतो आहे. कॅमेऱ्याला कोल्हापूर कळत नाही, बेळगावही कळत नाही. तो कुणाच्या ओळखीचा नसतो. 'कन्नड गोत्तिल्ला', म्हणजे कन्नड येत नाही, असं म्हणायची पाळीही तिथे येत नाही. एवढी समान वागणूक आमच्या वाट्याला दुसरीकडे कुठे येते?

भाषा येते ती पुढच्या कागदावर. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५-२० टक्के असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राने १९५६ सालीच मान्य केलं आहे. महाराष्ट्राचा सीमाभागावरचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याचं जे व्हायचं ते होवो. दंडाच्या कागदावर चार ओळी मराठीत छापायला त्या निकालाची वाट कशाला बघायची? ज्याला दंड भरायचा आहे त्याला तो कशाचा हे वाचता यावं, एवढंच.

आणि आता दंडावरची सूट. कर्नाटकाने २०२३ च्या फेब्रुवारीत थकलेल्या चलनांवर ५० टक्के सूट दिली, पुढेही दिली, आणि २०२५ मध्ये २३ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर पुन्हा दिली. वसुलीसाठी असेल चांगली. पण ज्याने पहिल्या आठवड्यात मुकाट्याने पूर्ण भरले तो मूर्ख ठरला. ज्याची तक्रार खरी आहे त्याच्यापुढे तर चक्क आमिष ठेवलं: भांडत बसू नकोस, निम्मे भर आणि सुट. मामांनी तेच केलं. दुधवाल्याची सातही चलनं निम्म्या भावात भरून टाकली. तक्रार करायला जायचं तर दोन दिवस मोडणार होते.

गाडी नावावरून काढली का, हे मी परवा विचारलं. "करायचं आहे की," मामा म्हणाले. त्या गड्याचा फोन लागत नाही. मग जरा थांबून म्हणाले, "नवीन मेसेज आलाय. हेल्मेटचा. पुढची सूट कधी लागते तेवढं बघून ठेव."