चोरून वाचा, चारचौघांत नाक मुरडा

पॅरानॉर्मल रोमान्स, म्हणजे अमानवी नायकांच्या प्रेमकादंबऱ्या, वाचायला अक्कल लागत नाही, असं म्हणतात. वाचून झाल्यावर त्याविषयी बोलायला मात्र भलतीच लागते. तीनशे वर्षांचा व्हॅम्पायर, तेवीस वर्षांची नायिका, गावाबाहेरचा पडका वाडा, मोकाट सुटलेला एक खुनी आणि ठरावीक अंतराने येणारी ती पानं... रात्र कशी सरते कळत नाही. सकाळी कुणीतरी विचारतं, "कशी आहे?" यावर भाबडेपणाने "आवडली" म्हणून मोकळे झालात, तर पुढच्या परिणामांना तुम्ही जबाबदार. लोकांना कादंबरी कशी आहे यात रस नसतो. ती वाचणारे तुम्ही कसे आहात, हे त्यांना हवं असतं. तेव्हा अभिप्राय स्वतःविषयी द्यायचा, नाव फक्त कादंबरीचं घ्यायचं.

सुरुवात नेहमी खुलाशाने करा. अशी पुस्तकं कुणी घेत नाही, ती हाती लागतात. प्रवासात दुसरं काही नव्हतं, मैत्रिणीने गळ्यात मारलं, स्वस्तात मिळत होतं, आजारी होते. कारण कुठलंही चालेल, फक्त ते तुमच्या इच्छेविरुद्ध घडलेलं असावं. मालिकेचा अकरावा भागही असाच योगायोगाने हाती लागला, हे सांगताना आवाज स्थिर ठेवा. पूर्वी मुखपृष्ठाची पंचाईत असे. त्यावर उघड्या छातीचा एक पुरुष असायचा आणि बहुतेक वेळा त्याला डोकं नसायचं. फोटो हनुवटीपाशी कापलेला. प्रकाशकांना वाचकांची आवड चांगली ठाऊक असते, एवढंच म्हणतो. 2007 साली पडद्यावर पुस्तक वाचायचं किंडल आलं आणि मुखपृष्ठ लपवण्याचा प्रश्नच मिटला. आता समोरच्याला वाटतं, तुम्ही अर्थशास्त्र वाचताय.

मग विज्ञानाकडे वळा. व्हॅम्पायरच्या गोष्टीत वास्तवाचा आग्रह धरण्यासारखी भारदस्त दुसरी गोष्ट नाही. "हा नायक भर दुपारी हिंडतो! खरा व्हॅम्पायर उन्हात जळून जातो," असं ठासून लिहा. ब्रॅम स्टोकरच्या 1897 च्या कादंबरीतला ड्रॅक्युला लंडनच्या रस्त्यावर दिवसाढवळ्या दिसतो आणि त्याला साधा चटकाही बसत नाही, ही माहिती शोधायला जाऊ नका. उन्हाने व्हॅम्पायर संपतो ही कल्पना रुजली ती 1922 च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटापासून. म्हणजे ज्या परंपरेच्या नावाने तुम्ही गळा काढताय, तिचा मूळपुरुष तुमच्या परीक्षेत नापास झाला असता. असू दे. खऱ्या व्हॅम्पायरची बाजू घेऊन कुणीतरी भांडायलाच हवं, तो बिचारा स्वतः येऊ शकत नाही.

लांडगामानवाच्या बाबतीत धोरण नेमकं उलटं ठेवा. तिथे नायक 'अल्फा', म्हणजे कळपाचा म्होरक्या, असतो, गुरगुरतो, दारं तोडतो आणि नायिकेने कुणाशी बोलावं हे परस्पर ठरवतो, कारण म्हणे लांडग्यांत असंच असतं. ही समजूत मुख्यतः रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिवासातल्या लांडग्यांचा अभ्यास करून 1947 साली मांडलेल्या निष्कर्षांवरून आली. डेव्हिड मीच यांच्या 1970 च्या पुस्तकाने ती लोकांपर्यंत पोचवली. पुढे मोकळ्या रानातले लांडगे पाहून याच डेव्हिड मीच यांनी 1999 साली लिहिलं की कळप म्हणजे साधारणपणे एक कुटुंब असतं आणि ज्याला अल्फा म्हणतो तो बहुधा पिल्लांचा बाप. थोडक्यात, शास्त्राला धरून चालायचं तर नायकाने मुलांना सांभाळायला हवं. असं कुणी तुम्हाला ऐकवलंच तर म्हणा, "अहो, कादंबरी आहे, प्राणिशास्त्र नव्हे." मघाशी उन्हावरून घातलेला वाद ऐकणाऱ्याच्या लक्षात असेल, पण तो सभ्य असल्यास गप्प बसेल.

नायिकेवर मात्र मुळीच दया दाखवू नका. अभिप्रायाची खरी धार इथेच दिसते. नायकाने चौदा खून केले असतील तर "आतून दुखावलेला" असं लिहा. तो तिच्या खिडकीशी रात्रभर उभा राहिला तर "किती जीव आहे त्याचा!" तीनशे वर्षं जगून त्याला एक साधी माफी मागता येत नसेल तर "अबोल". आणि नायिका? ती विजेरी न घेता तळघरात उतरली की तिची खैर नाही. अशा बाईसाठी इंग्रजी वाचकांनी 'टीएसटीएल' असं चार अक्षरी बिरुद करून ठेवलं आहे. जगण्याच्या लायकीची नाही इतकी मूर्ख, असा त्याचा भावार्थ. चौदा खून करणाऱ्यासाठी असं बिरुद माझ्या तरी पाहण्यात नाही. ती घाबरली तर रडूबाई, न घाबरली तर अविश्वसनीय, तिने पुढाकार घेतला तर "जरा जास्तच", न घेतला तर "बाहुली". ती चाळिशीची असेल तर वयातलं अंतर अचानक डोळ्यांत खुपू द्या. मघाशी दोनशे सत्त्याहत्तर वर्षांचं अंतर खुपलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

नियतीने बांधलेल्या जोडीचा प्रकार या कादंबऱ्यांत फार चालतो. त्याने तिचा नुसता वास घेतला की ठरलं, जन्माची गाठ. मग तिला विचारायचं कशाला, असा प्रश्न एखादी वाचक काढते. खरं तर या सगळ्या पसाऱ्यातला हाच प्रश्न विचारण्याजोगा आहे. म्हणूनच तो काढणारीला लगेच सांगा की तिने मजा घालवली. नायकाने परवानगी विचारली असेल तर त्यालाही "मिळमिळीत" म्हणा.

आता त्या पानांकडे येऊ. किती वेळ टाळणार?

इथे दोन सोयीस्कर वाक्यं तयार असतात. एक, "प्रणयप्रसंग फार आहेत." दोन, "कथेला त्यांची गरज नव्हती." पहिल्याच्या पुराव्यादाखल पानांचे आकडे द्यायचा मोह आवरा. 112, 147, 203 ते 208 आणि पुन्हा 261, असं लिहिलंत की तक्रारीपेक्षा अनुक्रमणिकाच तयार होते आणि लोक ती जपून ठेवतात. तीन पानांची तलवारबाजी कथेला हवी होती का, हे विचारू नका. तलवारी सभ्य असतात.

उदाहरण म्हणून पान 203 घेऊ. बाहेर मुसळधार पाऊस. खुनी अंगणात उभा, हातात सुरा, फोनची तार त्याने आधीच कापलेली. आत नायकाच्या खांद्यात गोळी. नायिका उशीचा अभ्रा फाडून पट्टी बांधते, बांधताना तिची बोटं त्याच्या छातीला लागतात आणि पुढची सहा पानं खुनी अंगणात भिजत उभा राहतो. त्याच्या सोशिकपणाबद्दल कुणी दोन बरे शब्द लिहिलेले मी वाचलेले नाहीत. सहाव्या पानाच्या तळाशी पट्टी सरकते, तिचा हात खांद्यावर जातो आणि तिथे जखम नसतेच. कातडी गुळगुळीत. हा माणूस नव्हे, हे तिला तेव्हा, त्या अवस्थेत कळतं.

चुकूनही असं लिहू नका की लेखिकेने भीती आणि वासना एकाच हाताखाली आणून ठेवली, की हे प्रकरण काढलं तर रहस्यही निघून जाईल, की 112 वरच्या प्रसंगाने मात्र काहीच बदलत नाही आणि तो खरोखर भरताडाचा आहे. म्हणजे ती पानं तुम्ही नीट वाचलीत, दोन्ही ठिकाणची, आणि तुलनाही केलीत! त्यापेक्षा "असले प्रसंग मी गाळूनच वाचते" हे उत्तम. एक धोका तेवढा लक्षात ठेवा. सहा पानं गाळून वाचणाऱ्याला पान 209 वर नायिका किंचाळत का पळत सुटली, हे कळायला नको. तुम्हाला कळलं असेल तर बोलू नका.

पुस्तकाचं वयही पाहून घ्या. शेरिडन ले फानूची 'कार्मिला' ही व्हॅम्पायरकथा 1872 ची, त्यात एक बाई दुसऱ्या बाईच्या गळ्यात पडून जे काही बोलते त्याला "दमित इच्छांचं प्रतीक" म्हणायचं. तेच यंदाच्या कादंबरीत आलं तर "चावटपणा". शंभर वर्षांनी प्रतीक होतं, आधी नाही.

शेवटाबद्दल "आधीच कळला होता" हे लिहायलाच हवं. अमेरिकेतल्या लेखकांच्या 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या 1980 साली स्थापन झालेल्या संघटनेने व्याख्याच करून ठेवली आहे की रोमान्समध्ये केंद्रस्थानी प्रेमकथा असावी आणि शेवट समाधानाचा, आशेचा असावा. अटच ती, त्यामुळे तक्रार कधी वाया जात नाही. खुनी तिसऱ्याच प्रकरणात ओळखला, हेही पुस्तक मिटल्यावर सांगायचं. आधी सांगितलं तर एखादा नाव विचारतो.

दुसऱ्या टोकाची मंडळीही आहेत. "मेले मी, पाच तारे" असं लिहून ती खरंच बरीच जिवंत राहतात. पार्सल उशिरा आलं म्हणून एक तारा देणारेही आहेत. त्यांच्यापासून शिकण्यासारखं काही नाही, निदान ते खरं बोलतात.

हे खरं बोलण्याचं खूळ जुनं आहे. जेन ऑस्टेनची 'नॉर्थँगर ॲबी' 1817 च्या अखेरीस बाजारात आली. तिची नायिका कॅथरीन ही ॲन रॅडक्लिफच्या 1794 च्या 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो' या भयरम्य कादंबरीवर लट्टू असते. पण पुरुष याहून चांगली पुस्तकं वाचत असतील, असं तिला बिचारीला वाटतं. त्यावर नायक हेन्री टिल्नी सरळ सांगतो की त्याने ती दोन दिवसांत संपवली आणि सगळा वेळ अंगावर काटा उभा होता. सबब नाही, खुलासा नाही. असली माणसं अभिप्राय द्यायच्या कामाची नाहीत. नशीब, ती कादंबरीतच भेटतात.

सगळं नीट पार पडलं, तुम्ही मनसोक्त नाकाने कांदे सोललेत, "वेळ वाया गेला, पुढचा भाग वाचणार नाही" असंही लिहून टाकलंत, की एक शेवटचं संकट उरतं. कुणीतरी म्हणतं, "एवढं वाईट आहे? बघू, दे जरा." देऊ नका. हरवलं म्हणा, रद्दीत गेलं म्हणा, कुत्र्याने खाल्लं म्हणा. कागदाचं पुस्तक फार चहाडखोर असतं. टेबलावर नुसतं ठेवलं तरी ते आपोआप उघडतं, आणि 203 वरच उघडतं.