निविदेतली एक ओळ

कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातल्या लहान कारखानदारांच्या जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरच्या निविदा भरून देण्याचे काम मी करतो. गेल्या महिन्यात केंद्र सरकारच्या एका सार्वजनिक उपक्रमाची पंपाच्या सुट्या भागांची निविदा घेऊन एक ताई आल्या होत्या. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि चार कामगार एवढाच त्यांचा पसारा. शिरोलीच्या फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागांवर, त्या मशीनिंग करतात आणि प्रत्येक जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, स्वतः मायक्रोमीटर लावून तपासतात.

निविदेच्या पहिल्याच पानावर ओळ होती : लघुउद्योगांना अनुभव व उलाढालीच्या अटीतून सूट – नाही. मागितलेली सरासरी उलाढाल ताईंच्या उलाढालीच्या कित्येक पट होती. त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊ, हाच माल आम्ही मोठ्या कंपनीला देतो आणि ती सरकारला देते. मग आम्हीच थेट दिला तर काय बिघडतंय?"

लघुउद्योगांकडून माल घेण्याचे केंद्राचे खरेदी धोरण 2012 चे आहे आणि 2015 पासून ते बंधनकारक आहे. 2019 पासून केंद्रीय खाती व उपक्रमांनी वर्षाच्या एकूण खरेदीपैकी किमान 25 टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची आहे. त्यातच 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहे. अनामत रक्कम माफ आहे. मोठ्या कंपनीचा सर्वांत कमी दर 100 रुपये आणि लघुउद्योगाचा 112 असेल, तर 100 ला माल देण्याची संधी त्याला मिळते, कारण 15 टक्क्यांपर्यंतचा फरक धोरणाने मान्य केला आहे. पण निविदेत शिरकावच झाला नाही, तर या सवलतींचा उपयोग कोणाला? उलाढाल आणि अनुभवाच्या अटी शिथिल करायच्या की नाही, हे खरेदी करणारे कार्यालय ठरवते आणि माझ्या मते सारे धोरण तिथेच अडते.

अधिकाऱ्यांची बाजू मला समजते. माल खराब निघाला तर लेखापरीक्षणात उत्तर त्यांनाच द्यावे लागते. परंतु उलाढालीवरून कारखान्याचा आकार कळतो, जॉबचे माप कळत नाही. त्यासाठी नमुना तपासावा, त्रयस्थ संस्थेकडून तपासणी करून घ्यावी, मोठ्या मागणीचे लहान भाग पाडावेत. अंगणवाडीच्या पोषण आहाराबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच कंत्राटदार नकोत, बचत गट व महिला मंडळांना प्राधान्य द्या, असे सांगितले होते.

कोल्हापुरात हे मुळात समजावून सांगावे लागू नये. 1902 मध्ये संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवणारे शाहू महाराज दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा घेत. दुकान उघडून भागत नाही, गिऱ्हाईक लागते, हे त्या राजाने ओळखले होते.

पैशांचे दुखणे वेगळेच. लघुउद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याने 45 दिवसांत बिल न मिळाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येते. पण एकुलत्या एका गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार कोण करणार?

माझी मागणी साधी आहे. सूट नाकारणाऱ्या कार्यालयाने त्याच ओळीखाली कारण लिहावे. ताईंच्या वतीने आम्ही पोर्टलवर तसे निवेदन दिले होते. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी उत्तर आले : अटी कायम. कारण दिलेले नव्हते.