चौथी खाच

रात्री मी मोटरसायकलवर घरी आलो की समोरच्या काकांना ते आवाजाने नाही, उजेडाने कळतं. इंदुरातल्या रामबागेतली आमची गल्ली अरुंद, आणि त्यांची गॅलरी पहिल्या मजल्यावर. महिनाभर त्यांनी सोसलं. मग एकदा साडेदहाला कठड्यावरून वाकून म्हणाले, "अरे, रस्ता खाली आहे. वर काय शोधतोयस?"

बल्ब बदलला, फरक नाही. मिस्त्रीकडे गेलो. त्याने हेडलाइटकडे बघितलंसुद्धा नाही; मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "भिया, लाइट में कुछ नी है. गाड़ी पीछे से बैठ री है, तो आगे से मुँह उठा री है. आपका वजन कित्ता है?"

दुकानात आणखी चार माणसं होती. मी अठ्ठ्याहत्तर म्हणालो. लग्न ठरताना हाच आकडा सांगितला होता, आणि एकदा दिलेला शब्द मी सहसा फिरवत नाही.

"शॉकअप पहले खाँचे पे है, चौथे पे ले लो. पाना टूलकिट में पड़ा होगा."

सहा वर्षांत न उघडलेल्या पिशवीत पाना खरंच निघाला: कोयरीसारखा वाकडा, टोकाला एकच दात. याला हूक पाना म्हणतात. शॉकअपच्या, म्हणजे मागच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या दांड्याच्या, स्प्रिंगच्या बुडाशी एक कडी असते, तिला जिन्यासारख्या पाच पायऱ्या; याच त्या खाचा. दात कडीच्या खोबणीत अडकवून फिरवलं की स्प्रिंग एक पायरी दाबली जाते. पाच मिनिटांचं काम. पण ओसरीवर बाबा पेपर वाचत बसले होते.

बाबांची नोकरी जमीन मोजण्यात गेली. "माप न घेता हात लावायचा नाही," म्हणून ते टेप घेऊन आले. आधी गाडी डबल स्टँडवर, चाक अधांतरी: एक्सलपासून सीटखालच्या खुणेपर्यंत ५४० मिलिमीटर. मग गाडी चाकांवर: ५२२. मग मी वर, हेल्मेट आणि ऑफिसची बॅग धरून, कारण रोज जे घेऊन निघतो ते सगळं मोजायचं. हँडल बायकोने धरलं. बाबा गुडघ्यावर बसले, चष्मा कपाळावर.

"पोट आत घेऊ नकोस. टेपला पोट दिसत नाही."

४८७. म्हणजे त्रेपन्न मिलिमीटर खाली. मागच्या चाकाची एकूण हालचाल शंभरेक मिलिमीटर असेल तर माणूस बसल्यावर तिसरा हिस्सा, तीस-पस्तीस, खचावा. उरलेला खड्ड्यांसाठी राखून ठेवायचा. मी निम्म्याहून जास्त नुसता बसूनच संपवत होतो. प्रत्येक स्पीडब्रेकरला येणारा तो धप्प आवाज महापालिकेचा नव्हता, माझा होता.

डावी बाजू तीन टकटकीत चौथ्या खाचेवर गेली. उजवीकडे सायलेन्सर आडवा. पाना अर्धाच फिरायचा, दात निसटायचा, आणि माझी बोटं गरम नसलेल्या पण गंजलेल्या पत्र्यावर आपटायची. तिसऱ्या खाचेवर मी म्हणालो, "एका खाचेने काय होतंय?" बाबांनी पेपरची घडी घातली. दोन्ही बाजू सारख्याच हव्यात, नाहीतर एक स्प्रिंग राबते आणि दुसरी हजेरी लावते. तीस वर्षं ऑफिसात त्यांनी हेच बघितलेलं. शेवटी कडीला तेल सोडलं, पान्यात पाइपाचा तुकडा घातला, आणि गेली एकदाची.

"झाली कडक," मी म्हणालो.

"स्प्रिंग तीच आहे, कडक कुठली? नुसती गाडी उंच झाली." मग शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक निघाला: १६७८ साली नियम छापला, जेवढा भार तेवढा लांबीत फरक. पान्याचा आणि त्याचा काही संबंध नाही, पण त्या दुपारी मला दोघेही एकाच घरचे वाटले.

नवं माप: मी बसल्यावर अडतीस मिलिमीटर खाली. पण रिकामी गाडी आता तीनच मिलिमीटर बसत होती. "म्हणजे स्प्रिंगच तुझ्या मानाने नरम," बाबा म्हणाले. हे त्यांनी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायला नको होतं. पाचवी खाच करून पाहिली, तर गाडी माझ्याशिवाय बसेचना, आणि खड्ड्यातून उसळलं की मागून ठण्ण. परत चौथी.

हेडलाइट खाली आला. काका गॅलरीत दूध पितात, खाली बघून हात करतात. मला वाटलं प्रकरण मिटलं.

पण बाबांनी संध्याकाळी पाटी घेऊन हिशेब केला होता: खाच तीच ठेवली तर खचण्यातला प्रत्येक जादा मिलिमीटर म्हणजे माझे अडीच किलोंच्या वर. आमच्या घरात वजनकाटा नाही, तो मी मुद्दाम घेऊ दिलेला नाही. आता दर रविवारी पोह्यांच्या आधी (नंतर चालत नाही, जिलबी धरली जाते) मला गाडीवर बसवतात. बाबा सीट दोनदा दाबून सोडतात, शॉकअपमधलं घर्षण जायला हवं म्हणून, मग टेप लावतात आणि कॅलेंडरच्या मागे लिहितात. बायको हँडल धरून वर बघत असते. पण हिशेबासाठी बाबांना तिनेच अठ्ठ्याहत्तरचा आकडा सांगितलेला आहे.

कालच कॅलेंडर उलटं करून बघितलं. नोव्हेंबरात ३८. डिसेंबरात ३९. जानेवारीत ४०, आणि पुढे बाबांच्या सुबक अक्षरात एकच शब्द, हिवाळ्यात इथे तळून खातात त्या कंदाचा: गराडू.