मायक्रोवेव्ह घरीच उघडा म्हणणाऱ्या मेसेजला एका मेकॅनिकचं उत्तर

गेल्या पावसाळ्यापासून एक मेसेज ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. मला तो आठ-दहा गिऱ्हाइकांनी पाठवला आणि प्रत्येकाने विचारलं, ‘हे खरं का हो?’ वर लिहिलंय ‘मायक्रोवेव्ह बिघडला? मेकॅनिकला पैसे देऊ नका’, आणि खाली सहा गोष्टी आहेत. प्लग काढला की मशीन उघडायला काही धोका नाही. फ्यूज उडत असेल तर मोठा टाका, नाहीतर तांब्याची तार गुंडाळा. गरम होत नसेल तर मॅग्नेट्रॉन (लहरी तयार करणारा भाग) गेला, नवीनच घ्या. आत ठिणग्या दिसल्या तर मशीन फुटणार, भंगारात द्या. आत मोबाईल ठेवून रिंग द्या, वाजला तर किरण बाहेर येतायत. आणि काचेची प्लेट उलटी फिरली किंवा मशीन थांबून थांबून चाललं, तर कार्ड (बटणांमागची सर्किटची पाटी) गेलं.

कळव्यात माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. इकडे विटावा-ऐरोली, तिकडे घोडबंदर रोडपर्यंत कॉलवर जातो. धंदा बुडेल म्हणून हा लिहितोय असं कुणाला वाटेल, म्हणून आधीच सांगतो, यातल्या बऱ्याच तक्रारींना मेकॅनिक लागतच नाही आणि त्या कशा ओळखायच्या हेही खाली लिहिलंय. पण हा मेसेज जिथे हात घालू नये तिथे लोकांना हात घालायला सांगतो, आणि जिथे ओल्या फडक्याने काम होतं तिथे मशीन फेकायला लावतो. ते मला बघवत नाही.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. मिक्सर, इस्त्री, पंखा यांचा प्लग काढला की ती मशीन मेली, हात लावा. मायक्रोवेव्ह तसा नाही. त्याच्या आत एक जड ट्रान्सफॉर्मर घरातल्या २३० व्होल्टचे साधारण दोन हजार व्होल्ट करतो. पुढे एक डायोड आणि एक कंडेन्सर मिळून ते मॅग्नेट्रॉनसाठी चार हजारांच्या आसपास नेतात. हा कंडेन्सर म्हणजे वीज साठवणारा मुठीएवढा चपटा पत्र्याचा डबा, वर दोन पाकळ्या. मशीन बंद झालं, प्लग काढला, तरी त्याच्या पोटात दोन हजार व्होल्टच्या वरचा चार्ज साठलेला राहू शकतो. तो हळूहळू उतरावा म्हणून कंडेन्सरच्या आतच एक रेझिस्टन्स दिलेला असतो. पण तो जळलेला किंवा तुटलेला असला तर बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी एक जुना स्क्रूड्रायव्हर हातात देतो. त्याच्या टोकाला उंदराने कुरतडल्यासारखे तीन खड्डे आहेत, कडा वितळून गोल झाल्यात. मी नवा असताना, प्लग काढून ठेवलेल्या मशीनच्या कंडेन्सरला ते टोक लागलं होतं. लोखंडाचं हे झालं, तर बोटाचं काय होईल ते पोरांना वेगळं सांगावं लागत नाही.

यावर घोडबंदरकडच्या नव्या इमारतींमधले लोक म्हणतात, ‘आमच्याकडे ईएलसीबी आहे, लगेच ट्रिप होतो.’ ईएलसीबी म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, तो फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटचा फरक बघतो. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला शॉक बसला तर तो करंट तुमच्या अंगातून मशीनच्या बॉडीत जाऊन तिथल्या तिथे फिरतो. मेन लाइनवर फरक पडत नाही, म्हणून ईएलसीबी जागचा हलत नाही. कंडेन्सरच्या शॉकच्या वेळी तर प्लगच काढलेला असतो. तेव्हा बाहेरचं कव्हर, ते मागचे स्क्रू, तेवढं सोडा. बाकी सगळं तुमचं आहे.

आता फ्यूज आणि तांब्याची तार. विटाव्याचा एक मुलगा मशीन घेऊन आला होता. हुशार पोरगा, आयटीआय करतोय. त्याने हा मेसेज वाचून फ्यूजवर तार गुंडाळली होती. आईने दार उघडलं आणि आतून ‘फाट्’ असा आवाज येऊन घरातला एमसीबी पडला. कव्हर काढलं तर फ्यूजचा होल्डर काळाठिक्कर, बाजूच्या वायरचं इन्सुलेशन वितळून एकमेकाला चिकटलेलं.

तो फ्यूज का उडत होता, हे समजून घ्यायला हवं. दाराच्या कुलपामागे सहसा तीन छोटे स्विच असतात. दोन स्विच दार उघडताच करंट तोडतात. तिसरा त्यांच्यावर पहारा ठेवतो. मुख्य स्विचचे पॉइंट जळून चिकटले, म्हणजे दार उघडलं तरी करंट तुटला नाही, तर हा तिसरा स्विच मुद्दाम शॉर्ट करतो आणि फ्यूज उडवतो. उघड्या दारातून मायक्रोवेव्हच्या लहरी बाहेर येऊ नयेत म्हणून ती शेवटची सोय आहे. दार उघडताना किंवा लावताना फ्यूज जात असेल तर दुखणं स्विचमध्ये आहे, आणि फ्यूजने आपलं काम चोख केलंय. मी तिथे फ्यूज एकटा कधी बदलत नाही, सोबत स्विचही बदलतो. फ्यूज ८ अँपिअरचा असेल तर ८चाच. त्या मुलाला हे सगळं स्विच हातात देऊन दाखवलं. तो म्हणाला, ‘काका, मेसेजमध्ये हे काहीच नव्हतं.’

‘गरम होत नाही म्हणजे मॅग्नेट्रॉन गेला’ हे वाक्य वाचून किती चांगली मशीन भंगारात गेली असतील! आधी बाहेरून बघा. मायक्रोच्या जागी ग्रिल किंवा कन्व्हेक्शन लागलंय का? पॉवर कमी करून ठेवलीय का? काही मॉडेलमध्ये दुकानात दाखवायचा डेमो मोड असतो. त्यात दिवा लागतो, वेळ उलटी मोजली जाते, पण गरम काही होत नाही. बटणंच चालत नसतील तर चाइल्ड लॉक लागला असेल, बहुतेक मशीनमध्ये स्टॉपचं बटण काही सेकंद दाबून धरलं की तो सुटतो.

मग प्लग कुठे लावलाय ते बघा. मशीनच्या खोक्यावर ८०० वॅट लिहिलेलं असतं ते आत अन्नाला मिळणारं. भिंतीतून मशीन बाराशे-तेराशे वॅट ओढतं, कन्व्हेक्शनवर त्याहूनही जास्त. नौपाड्यातल्या, चरईतल्या जुन्या इमारतींत स्वयंपाकघराच्या ओट्यावर ६ अँपिअरचा एकच पॉइंट असतो आणि त्यावर एक्स्टेन्शन बोर्ड लावून मिक्सर, वॉटर प्युरिफायर आणि मायक्रोवेव्ह एकत्र चालतात. प्लग काढून त्याची पिन बघा. पितळ काळपट किंवा निळसर झालं असेल, प्लास्टिक पिवळं पडलं असेल, तर तिथेच पॉवर वाया जातेय. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट द्या. संध्याकाळी लोडमुळे व्होल्टेज उतरलं की दूध तापायला जास्त वेळ लागतो, त्यात मशीनचा दोष नाही.

एवढं करूनही शंका राहिली तर पाण्याने मोजा. काचेच्या भांड्यात एक लिटर नळाचं पाणी घ्या, तापमान बघा, फुल पॉवरवर बरोबर २ मिनिटं ठेवा, ढवळून परत तापमान बघा. जितके अंश वाढले त्याला ३५ने गुणलं की साधारण वॅट मिळतात. पाणी २७ अंशांचं ४९ झालं, म्हणजे २२ गुणिले ३५, ७७०. आठशेच्या मशीनला हा आकडा उत्तम आहे. पाचशेच्या खाली आला तर मेकॅनिकला बोलवा. तापाचा थर्मामीटर मात्र यात घालू नका, तो ४२ अंशांपर्यंतच असतो आणि फुटेल. स्वयंपाकाचा थर्मामीटर नसेल तर एक कपभर पाणी ठेवा, ते २ मिनिटांत उकळायला हवं. काढताना हात सांभाळा.

आणि खरंच पाणी थंडच राहिलं, तरी मॅग्नेट्रॉनच गेलाय असं नसतं. मशीन नेहमीपेक्षा जड, घोगरं घुमत असेल तर बहुतेक वेळा डायोड किंवा कंडेन्सर शॉर्ट निघतो, आणि डायोड अगदी स्वस्त पार्ट आहे. कधी मॅग्नेट्रॉनला जाणारी क्लिप सैल होऊन काळी पडलेली असते. ती बदलली की जुनाच मॅग्नेट्रॉन पुन्हा धावतो. म्हणून मेकॅनिकने ‘मॅग्नेट्रॉन गेला’ म्हटलं तर क्लिप आणि डायोड तपासलेत का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

ठिणग्यांचं सांगतो. वर्तकनगरच्या एका काकूंनी मशीन गॅलरीत नेऊन ठेवलं होतं, वर जुनी चादर टाकून. म्हणाल्या, ‘भाऊ, फुटेल म्हणून मी नातवाला त्या बाजूला जाऊच देत नाही.’ मी प्लेट काढली आणि आत टॉर्च मारला. उजव्या भिंतीवर पत्त्याएवढा राखाडी-तपकिरी तुकडा असतो, त्याला आम्ही मायका शीट म्हणतो, म्हणजे अभ्रक. मॅग्नेट्रॉनमधून येणाऱ्या लहरी त्यातून आत शिरतात. काकूंच्या शीटवर फोडणीचे शिंतोडे बसून बसून पिवळा तेलकट थर झाला होता, आणि मधोमध रुपयाएवढं भोक, कडेने कोळशासारखं काळं. तेलकट थर तापतो, जळून कोळसा होतो, कोळशातून ठिणगी उडते. काकूंना विचारलं, ‘पापड भाजता का यात?’ ‘रोज. तेल लावून.’ तिथेच उत्तर होतं. नवी शीट कात्रीने मापात कापली, बसवली, बाकीचा भाग कोमट साबणपाण्याने पुसला. काम वीस मिनिटांचं.

ठिणगी दिसली की मशीन लगेच बंद करायचं, हे बरोबर आहे. नंतर कारण शोधायचं. सोनेरी कडेचा कप होता का? मायक्रोवर चालवताना कन्व्हेक्शनची जाळी आतच राहिली का? मायका जळलाय का? भिंतीचा रंग उडून पत्रा उघडा पडलाय का? आपल्याकडे खाडीची दमट हवा, ऐरोली-वाशीकडे तर जास्तच, त्यामुळे रंग उडाला की गंज लवकर धरतो. पत्र्याला भोकच पडलं असेल तर मात्र मशीन बाद. एरवी नाही. मायका आठवड्यातून एकदा मशीन थंड असताना ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसलात तर वर्षानुवर्षं टिकतो.

मोबाईलची चाचणी मनातून काढून टाका. मोबाईल अत्यंत क्षीण सिग्नलवर चालतो. मायक्रोवेव्हच्या भिंतींनी तो सिग्नल हजारो पटींनी कमी केला तरी टॉवर जवळ असेल तर फोन वाजतो. शिवाय दाराच्या कडेतली रचना २४५० मेगाहर्ट्झ या लहरीसाठी मापून केलेली असते, मोबाईलच्या बाकीच्या लहरींना ती तेवढी अडवत नाही. म्हणजे फोन वाजला काय आणि न वाजला काय, गळतीबद्दल त्यातून काहीच कळत नाही. आंतरराष्ट्रीय मानकात ५ सेंटिमीटर अंतरावर एका चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट ही मर्यादा आहे, आणि ती मोजायला वेगळा मीटर लागतो. यात खरी भीती दुसरीच. फोन आत राहिला आणि घरातल्या कुणी स्टार्ट दाबलं तर बॅटरी पेट घेईल. दाराला फ्रिजसारखं रबर नाही म्हणून घाबरणारेही भेटतात. इथे लहर रबराने अडत नाही, कडेच्या पोकळ खोबणीने अडते. तुम्ही बघायचं ते एवढंच: दार वाकडं बसतंय का, बिजागर हलतंय का, दाराचा हुक तुटलाय का, कडेला जळल्याचे डाग आहेत का, काचेला तडा आहे का. यातलं एकही असेल तर मशीन चालवू नका.

उलटी फिरणारी प्लेट हा बिघाडच नाही. तिची छोटी मोटर कधी डावीकडे सुरू होते, कधी उजवीकडे, ती बनलीच तशी आहे. कमी पॉवरवर मॅग्नेट्रॉन काही सेकंद चालू, काही सेकंद बंद राहतो, म्हणून आवाज येतो-जातो. कार्ड खरं बिघडतं ते झुरळांनी. पॅनलमागे ऊब असते, तिथे ती घर करतात. मशीनमागे चार बोटं जागा ठेवा, वर कापड घालून जाळ्या झाकू नका.

मेकॅनिकला फोन करताना नुसतं ‘चालत नाही’ म्हणू नका. दिवा लागतो का, पंखा फिरतो का, आवाज बदललाय का, बंद पडला तेव्हा दार उघडत होतात की मशीन चालू होतं, एवढं सांगा. तो घरी आला की कव्हर उघडायच्या आधी पाण्याचा आकडा त्याच्यासमोर लिहून ठेवा, आणि काम झाल्यावर तीच चाचणी पुन्हा करायला सांगा.