दर 77 मीटरला एक रुपया

पेट्रोल पंपावर दुचाकीचं मशीन बंद होतं म्हणून सगळ्यांची एकच लाइन, आणि त्या लाइनीत माझ्या सात सीटांच्या पेट्रोल गाडीच्या मागे एक स्कूटरवाले काका. एवढं सांगितलं की पुढचं कुणालाही कळेल. टाकी फुल करायला सांगितली होती. मशीनवरचा आकडा तीन हजार, चार हजार असा पळत होता. काका स्कूटर स्टँडला लावून, उतरून, मशीनसमोर येऊन उभे राहिले. साडेपाच हजारांवर नोझल खट्‌कन थांबला, तेव्हा माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त हळहळ वाटली.

"लिटरला किती देते हो?"

"दहा-अकरा," मी म्हणालो.

"शहरात?"

"हायवेला."

"मी शहरातलं विचारलं."

"आठ."

काकांनी डोळे मिटले. आयुष्यभर बँकेत व्याज काढलेल्या माणसाचे डोळेच असे मिटतात. "लिटरचे 104 भागिले 8. तेरा रुपये किलोमीटर." मग डोळे न उघडताच पुढे, "हजार भागिले तेरा, 76.9. धरा 77. दर 77 मीटरला एक रुपया." आता डोळे उघडले आणि बोट रस्त्याकडे गेलं. "ते रसवंतीगृह दिसतंय? तिथपर्यंत दोन रुपये. सिग्नलपर्यंत पाच. सिग्नलला उभे राहिलात, तर त्याचे वेगळे."

पंपावरच्या पोराला हे फार आवडलं. "साहेब, राउंड फिगर करू का?" त्याने विचारलं.

"अजिबात नाही!" हे काका. गाडी माझी, पैसे माझे, नकार त्यांचा. "राउंड फिगरला मशीन सेट केलेलं असतं. नेहमी 110 चं टाकायचं, नाहीतर 210 चं."

पोराचा धंद्याचा अभिमान दुखावला. मशीनला वैधमापनवाल्यांचं सील असतं, संशय असेल तर पाच लिटरचं माप ठेवलंय, मोजून घ्या, असं तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. मशीन लिटर मोजतं, रुपयांचा नुसता गुणाकार करतं. तुमचा आकडा शंभर आहे की एकशे दहा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. काका म्हणाले, "ते कंपनी सांगते."

यानंतर माझं शिक्षण सुरू झालं. पेट्रोल पहाटे भरावं, कारण गार पेट्रोल दाट असतं. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तिथे पहाट आणि दुपार जवळपास सारखीच, असं मी म्हणालो. "ते कंपनी सांगते." मग तुम्ही दुपारी दीडला कसे? "मला परवडतं. माझी 45 देते." मग काकांनी विचारलं, ताम्हिणी घाटाच्या उतारावर न्यूट्रल करता ना? मी म्हणालो, काका, गाडी गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की हल्लीच्या इंजिनात इंजेक्टर पेट्रोल सोडणंच बंद करतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं, शिवाय घाटात सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात. काकांनी माझ्याकडे अत्यंत सहानुभूतीने पाहिलं. "हेही कंपनीनेच सांगितलं असणार."

मागे हॉर्न सुरू झाले होते. तेवढ्यात मला एक जबरदस्त मुद्दा सुचला. "काका, 2022 पासून पुण्यात रिक्षालासुद्धा किलोमीटरला 17 रुपये पडतात. माझे तेराच!"

"त्यात ड्रायव्हर येतो," काका म्हणाले. "इथे तुम्ही फुकट."

आणि शांतपणे 110 चं पेट्रोल भरून, वरचे दहा सुट्या नाण्यांत मोजून, निघून गेले.

राग या गोष्टीचा आहे की हिशोब बरोबर होता. कंपनीच्या कागदावर ॲव्हरेज बारा-साडेबारा आहे. असले आकडे कसे निघतात ते शोधायला मला लांब जावं लागत नाही. ज्या टेकडीला सगळं कोथरूड 'एआरएआय टेकडी' म्हणतं, तिथे 1966 साली स्थापन झालेली, गाड्या तपासणारी संस्थाच आहे. चाचणी होते चाकांखाली फिरणाऱ्या रोलरवर. वीसेक मिनिटांची, वेग नव्वदच्या वर नाही, एसी बंद. रोलरला खड्डा नसतो. रोलरवर उलट्या दिशेने टेम्पो येत नाही. हात दाखवला की ब्रह्मदेवानेही थांबावं अशा खात्रीने रस्ता ओलांडणाऱ्या आजी तिथे नसतात. टेकडीवर लोक फिरायला जातात, हवा छान असते, आणि गाडीही तिथे बारा देते. खाली पौड रस्त्याला लागली की आठ.

मोठ्या गाडीचं दुखणं हेच आहे. पावणेदोन टनांचं धूड एकदा वेगात आणायला जे पेट्रोल जळतं, ते पुढच्या स्पीडब्रेकरला ब्रेकमध्ये उष्णता होऊन उडून जातं. मग पुन्हा पहिल्यापासून. आमच्या घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत जे स्पीडब्रेकर आहेत, त्यातले निम्मे कुणीतरी हौसेने घातलेले आहेत; ना पांढरे पट्टे, ना पाटी. "ॲव्हरेज चालवणाऱ्याच्या पायावर असतं" म्हणणाऱ्यांनी आधी तो पाय दोन मिनिटं तरी एका जागी ठेवता येईल असा रस्ता दाखवावा.

आणि ते रसवंतीगृह. ते काकांनी सहज दाखवलं होतं, पण मला तेव्हापासून वेगळंच काही दिसतंय. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. त्यातलं बरंचसं मका-तांदळातून येत असलं, तरी आमच्या राज्यात इथेनॉल म्हटलं की आधी ऊस आठवतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच लिहिलंय की जुन्या, 10 टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज यामुळे सहा-सात टक्क्यांनी पडू शकतं. माझी त्याच पिढीतली. शेतकऱ्याला चार पैसे मिळावेत, आयात कमी व्हावी, सगळं मान्य. पण गाडीला उसाचा घोट पाजायचा तर भावही जरा कमी करा की! आणि साधं पेट्रोल हवं असलेल्याने कुठे जायचं? आलं-लिंबू घालून मागायचीही सोय नाही.

तरी मी हातपाय हलवले. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर हवा 33 लिहिलीय. हवावाला पोरगा "मोठी गाडीये, चाळीस मारतो" म्हणतो, त्याच्याशी भांडून, टायर गार असताना 33 च भरून घेतो. डिकी रिकामी केली. पाण्याचे दोन कॅन, बॅडमिंटनचं सामान आणि चुलतभावाच्या लग्नातली समईची पेटी निघाली, जिचा शोध दोन घरांत चालू होता. एक्सप्रेसवेवर 85 धरून जातो. वेग वाढला की हवेचा विरोध वर्गाच्या पटीत वाढतो, हे शाळेत शिकलेलं इतक्या वर्षांनी कामाला आलं. शेजारून ट्रक ओव्हरटेक करतात, मुलगा खिडकीत खाली सरकून बसतो. इतकं करून आठाचे पावणेनऊ झालेत. म्हणजे आता एका रुपयात 84 मीटर. हो, मीही डोळे मिटायला शिकलोय. सिग्नलला तर काका शेजारच्या सीटवरच बसलेले असतात.

या सगळ्यात टपावरचं कॅरिअरही उतरवलं. ते वारा अडवतं. पण ते ठेवायचं कुठे? पार्किंगमध्ये भिंतीला टेकवलं, तर सोसायटीच्या फळ्यावर 'पार्किंगमध्ये भंगार ठेवू नये' अशी सूचना लागली. नाव न घालता, फक्त विंगचा नंबर घालून. गॅलरीत आणलं, तर बायकोने त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. शेवटी विकायला काढलं. काल एकाचा फोन आला. भाव पटला, गाडीला बसेल याची खात्री झाली, आणि फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "याने ॲव्हरेज पडतं म्हणतात, खरं का हो?"

"छे," मी म्हणालो, "ते कंपनी सांगते."