‘जीआय जाळी लावा आणि २५ वर्षं विसरा’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

गेल्या दोन आठवड्यांत हा मेसेज मला पाच ग्रुपवर आलाय, सोसायटीच्या, भिशीच्या, महिला मंडळाच्या, शाळेतल्या मैत्रिणींच्या, आणि काल तर घरच्या ग्रुपवर बाबांनीच टाकला, "बघ गं, मागच्या बगीच्याला हेच करून टाकू" म्हणून. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बागेच्या कुंपणाला लाकूड, बांबू, मेंदी सगळं विसरा आणि जीआयची जाळी लावा, जीआय गंजत नाही त्यामुळे २५ वर्षं बघायला नको. खांब फूटभर खोल काँक्रीटमध्ये बसवला की हलत नाही. बांबू काहीही करा, दोन वर्षांत सडतो. हिरव्या कुंपणात साप राहतात आणि त्याला पाणी फार लागतं. लाकूड असेलच तर जळकं इंजिन ऑइल पाजा. आणि जनावरं येत असतील तर रात्री तारेत करंट सोडा.

या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसले म्हणून सुरुवात तिथूनच करते. घरच्या प्लगमधली वायर कुंपणाला जोडायची नाही, कधीही नाही, एका रात्रीसाठीही नाही. शेतावर जे झटका मशीन लावतात ते वेगळं असतं, त्यातून सेकंदाला साधारण एकदा अगदी क्षणभराचा झटका जातो आणि जनावर दचकून मागे होतं, पण घरचा २३० व्होल्टचा करंट सलग वाहतो आणि तार पकडलेला हात सुटतच नाही. चेंडू आणायला आलेलं शेजारचं पोर मेलं तर कुंपण लावणाऱ्यावर मनुष्यवधाची केस होते, आणि केस बाजूला ठेवा हो, ते पोर परत येत नाही. मेसेजमध्ये दुसरं काही खोडलं नाहीत तरी चालेल, ही ओळ तेवढी आधी खोडा.

आता जीआय. जीआय म्हणजे साध्या लोखंडी तारेवर जस्ताचा थर, बस. जस्त स्वतः हळूहळू झिजतं आणि आतल्या लोखंडाला वाचवतं, आणि ते संपलं की तार गंजायला लागते. म्हणजे जाळी किती वर्षं टिकेल हे जीआय या दोन अक्षरांवर नाही, जस्त किती चढवलंय त्यावर आहे. बाजारात हलक्या मालावर चौरस मीटरला ५० ग्रॅमच्या आसपास जस्त असतं, तो थर जेमतेम ७ मायक्रॉनचा, आणि भारी मालावर २५० ग्रॅम असेल तर ३५ मायक्रॉन. दोन्ही जाळ्या नव्या असताना सारख्याच चमकतात, दुकानात बघून काही कळत नाही, विचारावंच लागतं आणि बिलावर लिहून घ्यावं लागतं.

गेजचंही, म्हणजे तारेच्या जाडीच्या नंबराचंही, तसंच. आकडा जेवढा मोठा तेवढी तार बारीक, हे अर्ध्या लोकांना उलटं वाटतं. १० गेज म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, १२ म्हणजे २.६४, १४ म्हणजे २ च्या जरा वर. १० च्या जागी १२ दिली की एक तृतीयांश लोखंड गायब होतं आणि नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही. आमच्याकडे सहा वर्षांपूर्वी हेच झालं, ठेकेदाराने १० सांगून १२ लावली, मी पैसे देऊन मोकळी झाले आणि मग चौथ्या पावसाळ्यात जमिनीलगतचा पट्टा लाल व्हायला लागला तेव्हा भावाने व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावून तार मोजली. हिरव्या प्लॅस्टिकचं कोटिंग असलेल्या जाळीत तर सांगितलेली जाडी बऱ्याचदा प्लॅस्टिक धरून असते, आतली तार त्याहून बारीक, आणि उन्हाने प्लॅस्टिक तडकलं की पाणी आत शिरून तिथेच बसतं, बाहेरून हिरवंगार आणि आतून गंजलेलं. शिवाय जाळी जीआयची पण बांधलीये साध्या काळ्या बाइंडिंग तारेने, असं तर जिकडे तिकडे दिसतं, ती तार पहिल्या पावसातच गंजते आणि जाळीवर लाल ओघळ येतात. आणि जिथे जिथे कापलं किंवा वेल्डिंग केलं तिथलं जस्त गेलेलं असतं, तिथे झिंक पेंटचा हात मारायला पाहिजे, तो कोणी मारत नाही.

माझं म्हणणं जाळी वाईट आहे असं नाहीये. कुठलंही कुंपण जमिनीलगतच्या त्या वीतभर पट्ट्यात मरतं, जाळी असो, बांबू असो की सागवान असो. वर ऊन-वारा असतो, खाली खोलवर हवा कमी असते, पण जमिनीलगत ओल आणि हवा दोन्ही एकत्र मिळतात, म्हणून गंज तिथेच, वाळवी तिथूनच आणि बुरशीही तिथेच. तुम्ही लावायला काय निवडलं यापेक्षा त्या पट्ट्याचं काय केलं हे मी आधी विचारीन. आणि वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि दिवाळीच्या सफाईत, तेवढा पट्टा बघून यायचा, माती चढली असेल तर ओढायची, गवत काढायचं, लाल दिसलं तर घासून पेंट लावायचा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण "विसरा" म्हटल्यावर ते कोण करणार?

खांबाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त सांगायचाय कारण ती सूचना कुठल्याही गावासाठी लिहिलीये आणि आपण इंदौरला राहतो. मालव माटी गहन गंभीर म्हणतो ना, तीच काळी माती, पाणी प्यायली की फुगते आणि मे महिन्यात अशा भेगा पडतात की हात आत जातो. ती दरवर्षी खांबाला ढकलते आणि सोडते, ढकलते आणि सोडते. फूटभर खोल खांब तिच्यात दोन पावसाळे सरळ राहिला तर नशीब. आमचे दुसऱ्याच वर्षी झुकले आणि त्यात आम्ही आडोशाला म्हणून जाळीवर हिरवी शेडनेट बांधली होती, जूनच्या आंधीत तिचं शीड झालं आणि कोपऱ्यातले तीन अँगल, म्हणजे लोखंडी खांब, आडवे. पाच-सहा फुटी कुंपणाला खांब दोन ते अडीच फूट तरी आत हवा, खड्डा खाली थोडा रुंद आणि वर अरुंद (उलटा केला, म्हणजे वर काँक्रीटची छत्री झाली, की फुगलेली माती त्या छत्रीलाच धरून खांब वर उचलते), तळाला चार-सहा इंच खडी किंवा मुरूम, बाजूने काळी माती न भरता मुरूम, आणि काँक्रीट जमिनीच्या दोन बोटं वर आणून बाहेरच्या बाजूला उतार, म्हणजे खांबाशी पाणी थांबत नाही. कोपऱ्याच्या आणि फाटकाच्या खांबाला तिरपा टेका लागतोच, कारण सगळ्या जाळीचा ताण तिथे येतो. पाइपचा खांब असेल तर वरचं तोंड बंद करा, नाहीतर पाणी आत साठून तो आतून जातो. आणि लाकडी खांब मात्र काँक्रीटच्या बंद वाटीत कधी उभा करू नका, पाणी आत शिरतं, बाहेर जात नाही, सागवान असलं तरी सडतं. त्याला खाली लोखंडी पट्टी बोल्टने लावायची, पट्टी काँक्रीटमध्ये जाईल आणि लाकूड जमिनीच्या वर राहील.

बांबूबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. कच्चा बांबू मातीत रोवला तर एक ते तीन वर्षांत जातो, खरंय. पण "काहीही करा" हे खोटं आहे. हिवाळ्यात तोडलेला तीन-चार वर्षांचा पक्का बांबू घ्या, तेव्हा त्यात साखर आणि पिष्ट कमी असतं म्हणून भुंगा कमी लागतो, पेरं आतून सळईने फोडा आणि टाकणखार (बोरॅक्स) व बोरिक पावडरच्या पाण्यात (१०० लिटरला दोन्ही मिळून पाच-सहा किलो) आठवडाभर बुडवून सावलीत वाळवा. हे क्षार पावसाने धुऊन जातात म्हणून वरून तेलाचा किंवा वार्निशचा हात हवा आणि दर एक-दोन वर्षांनी परत हवा. वरचं टोक पेराच्या लगेच वर कापायचं, नाहीतर त्याची वाटी होऊन पाणी साठतं. आणि तो मातीत न रोवता अँगलला बांधायचा, खाली दोन-तीन इंच जागा सोडून. मग तो वर्षानुवर्षं राहतो, आणि एखादा गेलाच तर तेवढा एक बदलता येतो.

जळक्या ऑइलचं थोडक्यात. ते लाकडात मुरत नाही, वरवर बसतं, पहिल्या पावसात बरंचसं मातीत उतरतं, आणि इंजिनमधून आलेले जड धातू त्याच्यासोबत येतात. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल मोडतं ते उगाच नाही. त्या कुंपणाखाली आपण पालक आणि कोथिंबीर लावतो. अळशीचं तेल लावा, कापलेल्या टोकांना दोनदा.

राहिली हिरवी बागड, म्हणजे झुडपांचं जिवंत कुंपण. साप बागडीमुळे येत नाहीत, उंदीर-बेडकांमागे येतात आणि पाचोळ्यात, विटांच्या ढिगात, फुटक्या कुंड्यांमागे लपतात. दोन इंची जाळीतून साप आरामात जातो, तेव्हा जाळीने सापाचं काहीच थांबलेलं नसतं. बुंध्याशी पाचोळा साठू देऊ नका, काही टेकवून ठेवू नका, झालं. पाण्याचं म्हणाल तर मेंदीला पहिले दोन उन्हाळे घालावं लागतं, नंतर ती आपली आपण जगते, राजस्थानात सोजतच्या कोरडवाहू शेतांत तिचंच पीक घेतात. फक्त छाटताना वर अरुंद आणि खाली रुंद ठेवा, खाली ऊन पोचलं नाही की बुडखा उघडा पडतो आणि मग लोक म्हणतात बागडीतून कुत्री येतात. मोगली एरंड आणि कण्हेर मात्र लहान मुलं असलेल्या घरी नको, दोन्ही विषारी, आणि घाणेरी तर कुठेच नको.

आणि जिवंत कुंपण कच्चं असतं असं ज्यांना वाटतं त्यांना एक आठवण. इंग्रजांनी मिठावरचा कर चुकू नये म्हणून जकातीच्या लाइनवर पंजाबपासून थेट आपल्या बुऱ्हाणपूरपर्यंत कुंपण घातलं होतं. आधी वाळक्या काट्यांचं घातलं, ते वाळवीने खाल्लं, आगीत जळलं, आंधीत उडालं, दरवर्षी नवं घालता घालता थकले, तेव्हा चर खणून, लागेल तिथे चांगली माती आणून बोर, बाभूळ, करवंद, थोर, निवडुंग लावले. १८७९ मध्ये ती लाइन बंद झाली. गरिबाचं मीठ महाग करणारं ते कुंपण, त्याचा हेतू वाईटच होता, पण आपल्या हवेत काय उगवतं आणि काय टिकतं ते त्यांना तिथे कळलं.

बाबा, तुमच्यासाठी. रोल आलाच असेल तर ट्रकवरून उतरवून घेऊ नका, रविवारी मी व्हर्नियर घेऊन येतेय, आधी मोजू. आणि खड्डे आत्ता खणायचे नाहीत, माती भेगाळलीये, पाऊस पडला की फुगेल आणि नुकतेच बसवलेले खांब ढकलेल, ते काम दिवाळीनंतर. जुलैत मागच्या बाजूला दोन ओळी मेंदी लावू, फूट फूट अंतरावर, नागमोडी. लोकमान्य नगरच्या मावशींना विचारलंय, त्यांच्या बागडीच्या पेन्सिलएवढ्या काड्या द्यायला त्या तयार आहेत, फक्त पहिला चांगला पाऊस पडल्यावर या म्हणाल्या.