हिंगोलीचे धक्के आणि ‘गुप्त अणुचाचणी’

वसमत-कळमनुरीकडं जमीन हलली की व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मेसेज पुन्हा फिरतो : ‘हा भूकंप नाही. औंढ्याला अणुऊर्जा विभागाचं केंद्र होतंय, तिथं जमिनीखाली गुप्त चाचण्या चालतात. जगाला पत्ता लागत नाही. अणुकरार नुसते कागदावर.’

आधी औंढा. तिथं होणार आहे लायगो-इंडिया, गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातून येणारे अतिसूक्ष्म तरंग, टिपणारी वेधशाळा. अणुऊर्जा विभागाचं नाव आहे, खरंय. पण चार-चार किलोमीटर भुजांचं हे यंत्र इतकं नाजूक, की त्याला ट्रकची थरथरही चालत नाही. त्याच्या बुडाशी बाँब फोडायचा म्हणजे जात्याशेजारी तान्हं पोर निजवायचं. आणि वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावची माणसं जमिनीतला गडगडाट ऐकतायत ते एप्रिल २०२३ला केंद्र सरकारनं या वेधशाळेला पैसा मंजूर करायच्या आधीपासून.

आता धक्का. २१ मार्च २०२४, सकाळचे सहा वाजून गेलेले. आमच्या नांदेडच्या घरात मांडणीवरची ताटं वाजली. ४.५ तीव्रता; दहाएक मिनिटांनी पुन्हा ३.६. स्फोट की भूकंप, ते भूकंपमापकाच्या आलेखावरून कळतं. स्फोट खडकाला चहूकडं एकदम ढकलतो, म्हणून आलेखावर पहिली लहर जोरकस आणि मागची आडवी लहर फिकी. भूकंपात खडक घासून सरकतो, तिथं ही आडवी लहरच दणका देते.

‘जगाला पत्ता लागत नाही’ यात थोडं तथ्य आहे. १३ मे १९९८चे पोखरणचे दोन स्फोट किलोटनाच्या (हजार टन टीएनटी स्फोटकाच्या ताकदीच्या) आतले होते, ते परदेशी भूकंपमापकांना दिसले नाहीत. दोन दिवस आधीचे मोठे मात्र लगेच दिसले. पुढं अणुस्फोट टिपणाऱ्या केंद्रांचं जाळं दाट झालं. ९ ऑक्टोबर २००६चा उत्तर कोरियाचा स्फोटही किलोटनाच्या आतलाच, तीव्रता ४.१च्या आसपास. तरी वीसेक केंद्रांनी तो टिपला, आणि दोन आठवड्यांनी त्याचा झेनॉन, म्हणजे अणुस्फोटातून सुटणारा किरणोत्सारी वायू, कॅनडात यलोनाइफच्या केंद्रात सापडला. मोजपट्ट्यांचा फरक धरला तरी हिंगोलीचा ४.५ त्याहून लहान नव्हता. तो बाँब असता तर त्याच दिवशी व्हिएन्नातून, म्हणजे ही केंद्रं चालवणाऱ्या चाचणीबंदी संघटनेच्या मुख्यालयातून, बोंब उठली असती, आणि सगळ्यात आधी इस्लामाबादेतून.

राहिला ‘कागद’. सर्वंकष चाचणीबंदी करार १९९६चा, अजून लागू नाही. भारत, पाकिस्तान, उत्तर कोरियाची सही नाही. अमेरिकेनं सही केली, सिनेटनं मान्यता दिली नाही. एवढं कबूल. पण लागूच न झालेल्या या करारापायी तीनशेच्या आसपास केंद्रं जमीन, समुद्र आणि हवा रात्रंदिवस ऐकत बसलीयत, आणि त्यांची माहिती त्सुनामीचा इशारा देणाऱ्यांनाही जाते.